किडनी वाचवून गाठ काढली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत उजव्या किडनीवर गाठ दिसली. सीटीत ती 4 सेंटिमीटरच्या आतली निघाली. एवढ्या गाठीला शक्यतो अख्खी किडनी काढत नाहीत, गाठ आणि तिच्या कडेचा थोडासा भाग काढतात. त्याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. त्यात मला शुगर, म्हणजे किडनी जेवढी राहील तेवढी हवीच. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, पण कडा साफ होत्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत तो पोचला नव्हता. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लघवी स्वच्छ झाली होती, पाहुणे पांढरा रस्सा घेऊन यायला लागले होते. एका रात्री लघवी एकदम लालभडक आली, सोबत रक्ताच्या गुठळ्या. कुशीत दुखायला लागलं, पहाटे लघवीच अडकली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, उष्णता असंल, धन्या-जिऱ्याचं पाणी घ्या." मंडळींनी त्याचं काही ऐकलं नाही, थेट रिक्षा बोलावली. उठताना मला घेरी आली.

हॉस्पिटलात जाड कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून गुठळ्या धुऊन काढल्या, रक्त चढवलं आणि सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, केली. निदान स्यूडोअॅन्युरिझम. गाठ कापताना किडनीतल्या रक्तवाहिनीच्या बारीक फांद्या कापाव्याच लागतात. त्यांना टाके घालतात, तरी एखाद्या फांदीची भिंत दुबळी राहते आणि तिथं टायरच्या कडेला येतो तसा फुगा येतो. तो लघवीच्या मार्गात फुटला की असं होतं. शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला होतं म्हणे, आणि बऱ्याचदा घरी सोडल्यावरच. कधी रक्त पोटात साठतं, लघवी स्वच्छच दिसते आणि हिमोग्लोबिन मात्र उतरत जातं. तो प्रकार जास्त फसवा.

आता पोट उघडणार या भीतीनं मी गार पडलो होतो. तसं काही झालं नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी किडनीपर्यंत नेली आणि गळणाऱ्या फांदीत धातूची कॉइल सोडली. मी पूर्ण जागा होतो. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहणं, ऑपरेशनपेक्षा तेच जास्त जिवावर आलं. किडनीचा तेवढाच कोपरा निकामी होतो, बाकीची चालू राहते.

तक्रार एकच, पण मोठी. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य, गोळ्या, टाक्यांची तारीख सगळं होतं. उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल एक ओळ नव्हती. आणि कॉइलसाठी मला दुसरीकडे हलवावं लागलं. कॅथलॅब, म्हणजे धमनीतून नळी घालायची खोली, हृदयाच्या पेशंटांमुळे आता बऱ्याच ठिकाणी असते, पण किडनीच्या फांदीपर्यंत जाणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट रात्री-अपरात्री मिळतो का, हे ऑपरेशन ठरवतानाच विचारा. अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद, कधी सुरू, तेही लिहून घ्या.

आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कळायची रक्ततपासणी, पहिल्यापेक्षा जरासं वर आहे, पण स्थिर. ठरलेल्या वेळी सीटी होतं, त्यात नवीन गाठ नाही. जड चक उचलायला पोरगं अजून हात लावू देत नाही, बाकी मशीनवर मीच उभा असतो.