१९९३ च्या सीडीवर २००६ चं गाणं

ब्रिटिश पॉप गायिका किम वाइल्डची ‘द सिंगल्स कलेक्शन १९८१-१९९३’ ही सीडी जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘ओरिजिनल, यूके प्रेसिंग’ (म्हणजे ब्रिटनमधली मूळ छपाई) म्हणून कुणी विकत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे १,८०० रुपये गेले आहेत आणि हातात आली ती घरच्या कॉम्प्युटरवर भरलेली नकली सीडी.

हा संग्रह जपून ठेवावा असाच आहे. १९८१ मध्ये ‘किड्स इन अमेरिका’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. वडील मार्टी आणि भाऊ रिकी यांनी ते लिहिलं होतं. सुरुवातीची ही गाणी आरएके कंपनीची, तर १९८४ पासूनची एमसीएची. त्यामुळे हवाई दलातल्या माणसाच्या बायकोची ती विलक्षण गोष्ट सांगणारं ‘कंबोडिया’ आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘यू कीप मी हँगिंग ऑन’ सलग ऐकायचं तर असा संग्रह लागतो. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं हे मलाही माहीत आहे, पण ज्याला ती सीडी हवी असते त्याला ती हवीच असते. विकणाऱ्यांना हे बरोबर कळतं.

विकणारा बोलायला गोड होता. ‘दादा, ॲपवाले कमिशन खातात, थेट यूपीआय करा, दोनशे कमी करतो,’ म्हणाला. फसवणुकीची खरी जागा हीच. ॲपवरून व्यवहार झाला असता तर माल चुकीचा निघाल्यावर पैसे अडवता आले असते. थेट पाठवलेल्या पैशांना तसं संरक्षण नाही.

पार्सल आलं. कव्हरवरची छपाई पुसट, बारीक अक्षरं फुटलेली. सीडीची खालची बाजू निळसर. कारखान्यात छापलेली सीडी खालून चंदेरी दिसते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कारखान्यात कोरलेला ओळख क्रमांक असतो. इथे तो नव्हता. (आयएफपीआय कोड, म्हणजे सीडी कुठे बनली ते सांगणारी खूण, नसला म्हणून लगेच नकली म्हणू नका. ते कोड १९९४ पासून आले.)

आणि मग गाणं लागलं. ‘किड्स इन अमेरिका’मध्ये ओळखीच्या सिंथेसायझरऐवजी जाड गिटार, आणि किमच्या जोडीला दुसऱ्या बाईचा आवाज! हे गायिका-गिटारवादक शार्लट हॅदरलीबरोबरचं २००६ चं नवं ध्वनिमुद्रण, ‘नेव्हर से नेव्हर’ या अल्बममधलं. १९९३ च्या सीडीवर ते असूच शकत नाही. नेटवर हाताला लागतील त्या फायली उचलून भरल्या होत्या, मूळ सीडी त्या माणसानं पाहिलीही नसावी. बाकीची गाणी कॉम्प्युटरवर तपासली तर १६ किलोहर्ट्झच्या वर आवाज सपाट कापलेला, म्हणजे हलक्या प्रतीच्या एमपीथ्री. इतक्या वर्षांच्या प्रेमाशी केलेली ही बेइमानी मला पैशांपेक्षा जास्त लागली.

जाब विचारल्यावर दुसरा डाव आला. ‘सॉरी दादा, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकली की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार देताच त्यानं ब्लॉक केलं.

१९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सलचं लेबल, सगळं जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत.

कव्हरचा फोटो नेटवरून कुणीही उचलतो. म्हणून सीडीच्या खालच्या बाजूचा, कडं स्पष्ट दिसेल असा फोटो मागा, शेजारी कागदावर आजची तारीख लिहायला सांगा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्या विक्रेत्यानं जाहिरातीत लावलेला कव्हरचा फोटोच आता दुसऱ्या नावानं, १,५०० रुपयांना लागला आहे. कव्हरचा डावा कोपरा दुमडलेला आहे, त्यावरून ओळखा. कुणी आधीच पैसे दिले असतील तर आजच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.