डोक्यावर न चढवता घेतलेला हेडसेट

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, 3 सप्टेंबर 2024 ला, दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला. "भाऊ, पार्सल हाय तुमचं. गावात येणं होत नाही, फाट्यावर या." मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्याकडे पार्सल बहुतेक वेळा असंच मिळतं. फाट्यावर पोचलो तर तो गाडीवरून उतरलाही नव्हता. खोका हातात घेऊन मी म्हटलं, "खोलून पाहू दे ना एकदा." तो म्हणाला, "नाही जमत भाऊ. पहिले पैसे, मंग खोला. ओपन बॉक्सवालं नाही हे." खोका चांगला जड लागत होता. त्या वजनावर विश्वास ठेवून मी त्याच्या मोबाईलवरचा क्यूआर स्कॅन केला. मोबाईलवरची जाहिरात पाहून मागवलेल्या हेडसेटचे 1,899 रुपये गेले.

हेच सांगण्यासाठी लिहायला बसलोय. माझ्यासारखी खेड्यातली पोरं आज रात्रीसुद्धा अशीच जाहिरात पाहत असतील.

गावात माझं सीएससी केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळे फॉर्म भरतो. त्या खरिपात विम्याच्या एका अर्जामागे आम्हाला 40 रुपये मिळायचे, म्हणजे हा हेडसेट मला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अर्जांना पडला. जुलैच्या मुदतीत रात्री बारा-बारापर्यंत सर्व्हरची वाट पाहत कमावलेले पैसे होते ते. काम आटोपलं की त्याच कॉम्प्युटरवर मी मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळतो. मित्रांपैकी एक पुण्यात कंपनीत आहे, एक नागपूरला शिकतो. रात्रीचा तो दीड-दोन तासच आमच्या भेटीचा.

अडचण कानांची होती. माझा जुना हेडसेट कानावर टेकणारा, लहान गादीचा. मला चष्मा आहे. तासाभरात चष्म्याची दांडी आणि हेडसेटची गादी यांच्यामध्ये कान असा चेपायचा की खेळ सोडून कान चोळत बसावं लागे. आणि आमच्याकडचा मे महिना विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलर समोर असला तरी रेक्झिनच्या गादीखाली घामाच्या धारा. वर्षभरात त्या रेक्झिनचे काळे पापुद्रे निघून कानाला चिकटायला लागले होते.

म्हणून महिनाभर मी मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होतो, चष्म्यावर घालता येईल असा आरामदायी हेडसेट. आणि नेमकी तीच जाहिरात माझ्यासमोर आली. 'चष्मा घालणाऱ्यांसाठी खास. मेमरी फोम. चार तास खेळा, कान दुखणार नाही.' एका नामांकित कंपनीचा फोटो, मूळ किंमत 7,499, आज फक्त 1,899, वर उलटं चालणारं घड्याळ, सतरा मिनिटं शिल्लक. ते पान मी बंद करून पुन्हा उघडलं तेव्हा घड्याळ परत सतरा मिनिटांवर आलं होतं. हे माझ्या डोळ्यांनी दिसलं आणि तरी मी पुढे गेलो. कॅश ऑन डिलिव्हरी आहे, माल हातात आल्यावरच पैसे द्यायचे, मग भीती कसली, असं मनाला समजावलं. पण हातात येतो तो खोका, माल नव्हे. या दोन गोष्टींत फरक आहे हे फाट्यावर कळलं.

घरी येऊन डोक्यावर चढवला. पहिल्या दहा मिनिटांत डोकं शिकंज्यात धरल्यासारखं झालं. गादीच्या आतली जागा इतकी उथळ की कानाची पाळी आतल्या जाळीला घासत होती. मेमरी फोम बोटानं दाबला की हळूहळू वर येतो. हा साध्या स्पंजासारखा चटकन उसळला. वरची पट्टी टाळूवर एकाच ठिकाणी टोचत होती. कंपनीचं नाव होतं, पण त्यातलं एक अक्षर जरा वाकडं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बनवल्याचा महिना-वर्ष नाही, तक्रारीचा नंबर नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी ते फाट्यावरसुद्धा पाहू शकलो असतो, कारण खोका न खोलताही त्याच्या पाठीवरचं वाचता येतं, फक्त वरची काळी पिशवी बाजूला करावी लागते.

दुसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. कानाची गादी ओढून काढली, खालचे चार स्क्रू सोडवले. आत प्रत्येक बाजूला लोखंडाची एक चपटी पट्टी ग्लू गननं चिकटवलेली होती. त्या पट्टीला एकही वायर जोडलेली नव्हती. ती तिथं फक्त वजनासाठी होती. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. पूर्ण हेडसेट 310 ग्रॅम, पट्ट्या काढल्यावर 220. फाट्यावर मी ज्या जडपणावर भरवसा ठेवला तो त्या लोखंडाचा होता. चांगले हेडसेट साधारण 250 ते 350 ग्रॅमचे असतात, हे त्या भामट्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

खोक्यावर '50 एमएम ड्रायव्हर' लिहिलेलं. ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर. पट्टीनं मोजला तर 30. '7.1 सराउंड', म्हणजे चहूबाजूंनी आठ वाहिन्यांचा आवाज, असं लिहिलेलं, पण आवाजासाठी दिलेली साधी 3.5 मिलिमीटरची पिन, जिच्यातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. यूएसबीची वायर वेगळी होती, म्हणून मला वाटलं 7.1 चं काम तीच करत असेल. कापून पाहिली तर आत फक्त लाल आणि काळी, दोन तारा. ती वायर नुसते रंगीत दिवे पेटवायला. स्वस्त हेडसेटांत हे सर्रास असतं आणि दिवे पाहून पोरं भुलतात. खरं तर दोनच कान असलेल्या माणसाला गेममधल्या शत्रूच्या पावलांची दिशा कळायला साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये दिशा ओळखू येईल असा आवाज गेमच तयार करून देतो. 7.1 च्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजायची गरज मला तरी वाटत नाही.

त्यानंतरची चूक माझीच, आणि ती जास्त धोक्याची होती. पानावर दिलेला नंबर लागेना म्हणून मी गूगलवर त्या नावाचा कस्टमर केअर नंबर शोधला. पहिल्याच नंबरवर एक गोड बोलणारा माणूस भेटला. "सर, रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." महालक्ष्म्यांसाठी ताई माहेरी आली होती. ती शेजारी पुरणाची डाळ निवडत बसली होती. माझं बोलणं ऐकून तिनं थेट माझा हात धरला. "पैसे तुले भेटून राह्यले तर पिन कायले मागते रे तो?" मी थांबलो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे मी माझ्या केंद्रात आलेल्या म्हाताऱ्या माणसांना शंभरदा सांगितलंय. पण 1,899 परत मिळतील या आशेनं मलाच त्याचा विसर पडला होता. ताई नसती तर खात्यात जे काही होतं ते सगळं गेलं असतं.

या सगळ्यात आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांचीच मला जास्त हळहळ वाटते. कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम कुरिअर कंपनीकडून विक्रेत्याला त्याच दिवशी जात नाही, काही दिवसांनी जाते. खोका उघडल्या उघडल्या, लेबलच्या फोटोसकट, कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार केली असती तर रक्कम अडण्याची निदान शक्यता होती. मी केली तेव्हा पैसे पुढे गेले होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर मिळाला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. पण तक्रार कोणाविरुद्ध करायची? लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून एका शहराचं नाव आणि 'गाळा नंबर 3' एवढंच होतं. पैसे अजून मिळालेले नाहीत. ज्यांच्या खात्यातून थेट पैसे उडाले असतील त्यांनी मात्र 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासात फोन करावा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होत जातं.

विकत घेण्याआधी मी काय पाहायला हवं होतं, ते आता सांगतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं. त्या पानावर यातलं काहीच नव्हतं, नुसता व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर होता. ज्या पानावर पत्ता नाही तिथं 99 रुपयांचीही वस्तू मागवू नका. आणि 'उघडून पाहून मग पैसे' अशी सोय नसेल तर पार्सल सरळ परत पाठवा. कुरिअरवाला चिडला तर चिडू द्या, पार्सल नाकारणं हा आपला हक्क आहे.

दिवाळीआधी एसटीनं यवतमाळला गेलो. दुकानदाराला स्पष्ट सांगितलं, "चष्म्यासकट घालून पाहतो, वेळ लागेल." तो भला माणूस म्हणाला, "घाला न भाऊ, बसा खुशाल." एकेक हेडसेट वीस-वीस मिनिटं डोक्यावर ठेवला. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच मऊ वाटतात, खरा प्रकार पंधराव्या मिनिटाला कळतो. कान गादीच्या आत मोकळा राहतो का, जबडा हलवला की गादी सरकते का, मान खाली घातली की हेडसेट घसरतो का, हे पाहिलं. चष्म्याच्या दांडीवर दाब येतो का ते तर पाहिलंच. शेवटी जो घेतला त्याच्या गाद्या कापडी आहेत. कापडी गादी बाहेरचा आवाज थोडा आत येऊ देते आणि आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यावर तंतू चिकटतात, पण घाम धरत नाही. आमच्या उन्हाळ्यात मला तेच महत्त्वाचं. 2,650 रुपये, पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी. या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात, हेही विचारून घेतलं.

फोडलेला हेडसेट मी केंद्रातल्या काउंटरवर ठेवलाय, लोखंडी पट्ट्यांसकट. गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा अकरावीतला एक पोरगा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आला. त्या पट्ट्यांकडे बघत बराच वेळ गप्प उभा राहिला. मग दप्तरातून त्यानं खोका काढला. खोक्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं, किंमत 1,699. पण गादीचं माप तेच आणि पिनही तीच. "दादा, बाबाले सांगतलं नाही मी अजून," तो म्हणाला. पार्सल आदल्याच दिवशी आलेलं होतं. आम्ही फॉर्म बाजूला ठेवला, लेबलचा फोटो काढला आणि कुरिअर कंपनीला तक्रारीचा मेल लिहायला बसलो.