गुरुवार पेठेतले एक अमृततुल्य

आमच्या कार्यालयापासून पन्नास पावलांवर, गुरुवार पेठेतून नाना पेठेकडे निघणाऱ्या एका रस्त्याच्या तोंडाशी हे अमृततुल्य आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पाटीवर देवीचे नाव आहे आणि त्याच देवीच्या नावाची दुकाने शहरात इतकी आहेत की नावावरून शोधणारा माणूस भलतीकडेच चहा पिऊन दोष मला देईल. मी कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. गेली अकरा वर्षे कामाच्या दिवशी दोनदा, आणि मार्चअखेरीस चारदा, मी तिथला चहा पीत आले आहे. तेव्हा हे परीक्षण एका भेटीवरून लिहिलेले नाही, एवढे आधी नोंदवते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्थानातून पुण्यात आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पेठांमध्ये चहाची दुकाने काढली आणि त्या पद्धतीच्या दुकानाला इथे अमृततुल्य असे नाव पडले. रस्त्याला लागून उंच ओटा, त्यावर मांडी घालून बसलेले शेठ, समोर शेगडी, शेगडीवर पितळी पातेले, हाताशी खलबत्ता आणि मागे देवाची तसबीर, अशी त्याची मांडणी असते. आमच्या शेठची ही तिसरी पिढी आहे. ते घरी मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी अस्सल पेठी मराठी बोलतात आणि पातेल्याशी काहीच बोलत नाहीत.

पातेल्याकडे ते फारसे पाहतही नाहीत, हे माझ्या लक्षात यायला दोनेक वर्षे गेली. त्यांची नजर रस्त्यावर असते. पावणेअकराला समोरच्या कापडदुकानाचे शटर वर गेले की पाण्यात आले पडते. कोपऱ्यावरच्या शाळेसमोर रिक्षा लागू लागल्या की दुसरे पातेले चढते. पावसाची सर आली तर चढवलेल्या पातेल्याखालची आच कमी होते, कारण सर चालू असताना कोणी येत नाही आणि ती थांबली की सगळे एकदम येतात. मुरलेला किंवा पुन्हा तापवलेला चहा या दुकानात क्वचितच मिळतो, याचे कारण हेच आहे. एका पातेल्यात पाचेक लिटर चहा होतो. तसाच कप घरी आणून मी मापून पाहिला, त्यात ऐंशी मिलिलिटर मावतात. म्हणजे एका पातेल्याचे साठेक कप झाले. हे साठ कप वीस मिनिटांत खपले तर चहा ताजा राहतो आणि पाऊण तास रेंगाळले तर तुरट होतो. चहा करण्याइतकेच, पुढच्या वीस मिनिटांत किती माणसे येतील हे ओळखणे हा त्या ओट्यावरचा धंदा आहे.

आता खुद्द चहाबद्दल. पाणी, साखर आणि ठेचलेले आले आधी खळखळून उकळते, मग पूड पडते, आणि दूध शेवटी येते. आले दुधात आधी का टाकत नाही, असे मी एकदा विचारले, तर शेठ म्हणाले, “मॅडम, कच्चं आलं दुधाला फाडतं, उकळलेलं नाही फाडत.” हे शास्त्रालाही धरून आहे, कच्च्या आल्यातले पाचक द्रव्य दूध नासवते आणि उकळीने ते निकामी होते. पूड बारीक सीटीसीची, म्हणजे ‘क्रश, टेअर, कर्ल’ यंत्रावर केलेली असते. १९३०च्या दशकात आसामात आलेल्या त्या यंत्राने पान चिरडून, फाडून, वळवून त्याचा दाणा केला आणि थोड्या पुडीत दाट रंग देणारा स्वस्त चहा बाजारात आणला. दूध घालून उकळायचा आपला चहा त्याच पुडीवर उभा आहे. पूड पडल्यावर शेठ ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडत राहतात. त्याने चहा उतू जात नाही, आणि पितळेवर ओगराळे आपटल्याचा आवाज गल्लीभर जातो, ही दुकानाची फुकटची जाहिरात होते. वेलदोडा मात्र अगदी शेवटी, खलबत्त्यातून थेट पातेल्यात पडतो, आणि फडक्यातून गाळून चहा किटलीत उतरतो. चव आल्याची, वास वेलदोड्याचा आणि शेवटचा घोट किंचित तुरट असा तो लागतो. साखर माझ्या मते जास्त असते. कमी साखरेचा मागितला तर ‘वेगळा करावा लागेल, थांबा’ असे उत्तर मिळते, आणि गर्दीत ते थांबणे दहा मिनिटांचे होते. मधुमेही गिऱ्हाइके वाढत असताना एक लहान पातेले बिनसाखरेचे ठेवायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेले नाही.

पितळी पातेल्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा लागतो, आणि तो उडाला की दुधाचा पदार्थ कळकण्याची भीती असते. दुकानात तीन पातेली आहेत, त्यांतले एक आळीपाळीने कल्हईला जाते. कल्हईवाले आता कमी उरले आहेत, त्यामुळे पूर्वी दारात होणाऱ्या कामासाठी पातेले रिक्षात घालून न्यावे लागते, अशी शेठची तक्रार आहे. व्यावसायिक गॅसच्या १९ किलोच्या निळ्या टाकीबद्दलही त्यांची तक्रार असतेच; ती त्यांना अडीच दिवस पुरते. दूध दोन वेळा येते आणि दुपारचे दूध उशिरा आले की चारचा चहा पातळ होतो. ही उणीव मी वर्षातून पाचसहा वेळा तरी अनुभवली आहे. अशा दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकाला शेठ स्वतः ‘आज जरा पाणीदार आहे’ असे सांगतात, पण नवख्याला सांगत नाहीत, आणि दोघांकडून पैसे सारखेच घेतात. हिशेब लिहिणारी बाई म्हणून मला हे खटकते.

गिऱ्हाइकांवरून इथे घड्याळ लावता येईल. पहाटे सहाला पहिल्या पातेल्यातला पहिला कप रस्त्यावर ओतला जातो, दुसरा तसबिरीपुढे ठेवला जातो आणि मगच भवानी होते. त्या वेळी वृत्तपत्रे टाकणारी मुले, दूधवाले आणि रात्रपाळीचे रखवालदार असतात. हे लोक उभ्याने, न बोलता पितात. आठच्या सुमारास फिरून येणारे पेन्शनर येतात. ते दोन चहा तीन कपांत मागतात, आतले बाक तासभर अडवतात आणि महापालिकेपासून क्रिकेटच्या संघापर्यंत सर्वांना दुरुस्त करतात. शेठ त्यांना कधीही उठवत नाहीत. फक्त नऊ वाजता बाकाखालची फरशी पुसायला माणूस पाठवतात आणि पाय वर घेता घेता मंडळी आपोआप उठतात. अकरा ते एक भवानी पेठेतले हमाल आणि टेम्पोवाले येतात. त्यांना कपाबरोबर बशी लागतेच, कारण बशीत ओतून फुंकर मारल्याशिवाय त्या घाईत गरम चहा पिता येत नाही. पाच दुकानांचा चहा किटलीतून पोचवला जातो आणि त्याची नोंद खात्याच्या वहीत उभ्या रेघांनी होते. ती वही मी पाहिली आहे. पाच रेघांचा एक गठ्ठा, महिन्याला एक पान आणि खाडाखोड कुठेही नाही. आमच्या काही अशिलांचे हिशेब इतके स्वच्छ असते तर आमचे जुलै महिने बरे गेले असते.

एकादशीला चहा दीडपट खपतो आणि खारी, क्रीमरोल बरणीत तसेच राहतात. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा हे दुकान दोन्हींच्या वाटेजवळ येते. ते दोन दिवस वारकऱ्यांकडून पैसे घेतले जात नाहीत. इतर गिऱ्हाइकांनी मात्र त्या गर्दीत फुकटाची आशा धरू नये. कपाळी बुक्का लावून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला शेठनी नावानिशी हाक मारून पैसे मागितले होते.

याच पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला, गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद होऊन काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज त्याच परिसरात कोण कोणाच्या हातचा चहा पितो याची चौकशी ओट्यावर तरी होत नाही. पण बायकांची जागा अजून पुरती झालेली नाही. मी पहिल्यांदा एकटी आले तेव्हा आतल्या बाकावरचे चौघे वर्तमानपत्रामागे गप्प झाले, आणि शेठनी माझा कप बाहेर पाठवून दिला. हेतू सोयीचा असेल, तरी संदेश स्पष्ट होता. पुढची सहा वर्षे मी बाहेर उभ्यानेच चहा प्यायले. आता आमच्या कार्यालयातल्या तिघी आत बसतो, पण त्यासाठी आधी आम्हाला एकदा बाकाशी जाऊन ‘काका, जरा सरका’ म्हणावे लागले होते. जवळच्या महाविद्यालयातल्या मुली अजूनही बहुधा पलीकडच्या साखळी दुकानात जातात. तिथला चहा यंत्रातून येतो, दर वेळी एकसारखा असतो आणि पाच रुपयांनी स्वस्तही आहे. या मुलींना चहातले कळत नाही, असे शेठ म्हणतात. मला वाटते त्यांना बसण्यातले कळते.

पार्सल घेऊ नये. ते पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत दोरा बांधून मिळते, आणि इतक्या गरम चहाला ती पिशवी योग्य नाही. स्वतःचा थर्मास नेला तर शेठ तो आधी गरम पाण्याने विसळून भरून देतात, आणि एवढी काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कप चिनी मातीचे आहेत, धुतलेले असतात, पण काहींचे कान उडालेले आहेत. तसा कप आला तर बदलून मागावा, कुरकुर न करता देतात. पूर्ण कप पंधरा रुपये, अर्धा दहा. क्यूआर कोड आहे, तरी ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ असे ओरडणारा डबा शेठनी आवाज कमी करून तसबिरीमागे ठेवला आहे, कारण त्याच्या ओरडण्यात त्यांना मागणी ऐकू येत नाही. सुटे पैसे दिले तर त्यांना आनंद होतो.

दुकान रात्री नऊला बंद होते, पण साडेआठनंतर नवे पातेले चढत नाही. त्यानंतर आलात तर शेठ किटली हलवून पाहतात आणि ‘अर्धाच निघेल, चालेल का?’ असे विचारतात. हो म्हणावे. तो गाळाजवळचा चहा अंमळ कडक असतो, आणि त्याचे ते पैसे घेत नाहीत.