साईटवरची यादी घरच्या लॅपटॉपवर: सिंकथिंग आणि साध्या टेक्स्ट फाइली, नऊ महिन्यांनंतर

माझं काम इलेक्ट्रिकल ठेक्याचं. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी या भागात घरांची आणि छोट्या अपार्टमेंटची वायरिंग करतो. एका वेळी चार-पाच साईट चालू असतात. कुठल्या खोलीत किती पॉइंट, कुठला एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) बदलायचा, मालकानं आयत्या वेळी काय वाढवलं, दुकानातून काय आणायचं, अशी प्रत्येक साईटची वेगळी यादी असते. यादी तयार होते साईटवर, फोनमध्ये. बिल होतं घरी लॅपटॉपवर, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आणि ते बहुतेक वेळा बायको करते. मधल्या मध्ये यादीतली एक ओळ जरी गळाली तरी थेट पैसे जातात. वाढवून दिलेले सहा पॉइंट बिलात लागले नाहीत, तर ते काम फुकट केल्यासारखंच.

आधी डायरी होती. मग व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकायचो. त्यात लिहिणं सोपं, पण महिन्याभरानं शोधायला गेलं की सगळं फोटोंच्या आणि पावत्यांच्या ढिगाखाली. त्यानंतर नोंदींचं एक नावाजलेलं ॲप दोन वर्षं वापरलं. ते चांगलं चाललं होतं, पण मोफत वापरणाऱ्यांवर एकदम मर्यादा आल्या आणि बाहेर पडताना माझ्या नोंदी अशा स्वरूपात हातात आल्या की त्या दुसरीकडं धड उघडेनात. दोन संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी चालू साईटच्या याद्या हातानं उतरवून काढल्या. तेव्हा ठरवलं की नोंदी माझ्याच यंत्रांवर राहतील, कुठल्याही ॲपमध्ये उघडतील अशा राहतील, आणि त्या इकडून तिकडं नेण्याचं काम वेगळा कुणीतरी करेल.

तो वेगळा कुणीतरी म्हणजे सिंकथिंग. २०१३ पासून चालू असलेला, मोफत आणि खुल्या स्रोताचा प्रोग्राम. दिलेला फोल्डर तो तुमच्या यंत्रांमध्ये थेट एकसारखा ठेवतो. मध्ये कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या फाइली साठत नाहीत. खातं नाही, पासवर्ड नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. लॅपटॉपवर त्याचा क्यूआर कोड दाखवायचा, फोननं स्कॅन करायचा, दोन्हीकडं मंजुरी द्यायची, की जोडणी झाली. मला पहिल्यांदा तासभर लागला, कारण लॅपटॉपवर याची खिडकी ब्राउझरमध्ये उघडते हेच लक्षात येत नव्हतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. आता घ्यायचं ते सिंकथिंग-फोर्क, म्हणजे त्याच ॲपवरून दुसऱ्यांनी पुढं चालवलेलं ॲप.

फोनवर लिहायला मार्कोर हे टेक्स्ट फाइलींचं ॲप वापरतो. घरी लॅपटॉपवर त्याच कामाला ऑब्सिडियन. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तर विंडोजचं साधं नोटपॅड आहे आणि तेवढ्यावर भागतं. साईटच्या नोंदी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच मथळ्याला एक खूण, यादीला एक खूण. कामांची यादी टूडू-टीएक्सटी पद्धतीनं. ही पद्धत २००६ मध्ये जीना ट्रपानी यांनी मांडली. एका ओळीत एक काम, अधिक चिन्ह लावलेला शब्द म्हणजे कुठल्या साईटचं, ॲट चिन्ह लावलेला शब्द म्हणजे ते कुठं करायचं, आणि संपलं की ओळीच्या सुरुवातीला लहान एक्स. माझी एक ओळ अशी असते: ४ स्क्वेअर एमएम वायर, लाल, २ कॉइल +कागल @दुकान. दुकानात शिरलो की फक्त @दुकान शोधायचं, पाचही साईटचा माल एकदम समोर येतो. या एका सोयीनं माझ्या दुकानाच्या फेऱ्या खरोखर कमी झाल्या.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल, तर तळघरातल्या मीटर रूममध्ये रेंज शून्य असताना यादी लगेच उघडते याचं. फाइल फोनमध्येच असते, तिला इंटरनेट लागतच नाही. संध्याकाळी घरी आलो, फोननं वाय-फाय पकडलं, की जेवायला बसेपर्यंत सगळं लॅपटॉपवर आलेलं असतं. लॅपटॉपवर फाइल सेव्ह केली तर सिंकथिंग साधारण १० सेकंद थांबतं, मग बदल पाठवतं. नऊ महिन्यांच्या नोंदी मिळून अजून काही एमबीच भरतात, त्यामुळं पोचायला वेळ असा लागतच नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते. देणारं आणि घेणारं यंत्र एकाच वेळी चालू असायला हवं. घरचा लॅपटॉप आणि दुकानातला कॉम्प्युटर हे एकाच वेळी क्वचितच चालू असतात, म्हणून सुरुवातीला मला वाटलं की आपल्याला हे उपयोगाचं नाही. पण फोन दिवसभर चालू असतो आणि तो दोघांनाही भेटतो. रात्री घरून घेतो, सकाळी दुकानात देतो. तिन्ही यंत्रं एकमेकांना जोडली आणि निरोप पोचवायचं काम फोनवर सोपवलं, तेव्हा हा प्रश्न मिटला.

आता जे चुकलं ते. दुसऱ्या महिन्यात माझ्या फोनच्या बॅटरी बचतीनं सिंकथिंग मागच्या मागं बंद करून टाकलं आणि मला तीन दिवस पत्ता नव्हता. त्या तीन दिवसांत मी साईटवर यादीतली कामं खोडत होतो आणि बायको लॅपटॉपवर त्याच यादीत नवीन माल लिहीत होती. दोन्ही यंत्रं परत जोडली गेली तेव्हा एकच फाइल दोन्हीकडं बदललेली. अशा वेळी सिंकथिंग दोन्हींचा मेळ घालत नाही. शेवटी बदललेली फाइल मूळ नावानं ठेवतं आणि आधीची बाजूला काढतं, नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख आणि वेळ घालून. काहीच हरवत नाही, पण ती बाजूची फाइल आपण उघडली पाहिजे. मी उघडली नाही. लाल वायरच्या दोन कॉइल त्याच फाइलमध्ये राहिल्या आणि सोमवारी कागलला माझी पोरं अर्धा दिवस बसून राहिली. मजुरी द्यावी लागलीच.

त्यानंतर दोन बदल केले. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपला बॅटरीचं कुठलंही बंधन ठेवलं नाही. आणि एकच मोठी यादी मोडून प्रत्येक साईटची वेगळी फाइल केली. दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलला हात लावण्याची वेळच मग फार कमी येते. (@दुकान शोधताना पूर्ण फोल्डरमध्ये शोधावं लागतं, एवढाच फरक.) गेल्या सात महिन्यांत अशी बाजूला पडलेली फाइल तीनदाच दिसली आणि तिन्ही वेळा त्याच संध्याकाळी मिटवली.

दुसरा प्रसंग याहून गंभीर होता. फोनमधली जागा मोकळी करताना एका जुन्या साईटचा फोल्डर पुसला. सिंकथिंगनं ते पुसणंही इमानानं लॅपटॉपवर पोचवलं, कारण त्याचं कामच ते. त्या साईटचं शेवटचं बिल अजून द्यायचं होतं. वाचलो ते लॅपटॉपवर फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय सुरुवातीलाच चालू केली होती म्हणून. ती आपोआप चालू नसते, प्रत्येक फोल्डरसाठी आपण निवडायची असते. त्यातला टप्प्याटप्प्यानं जुन्या आवृत्त्या विरळ करत जाणारा पर्याय मी घेतलाय: पहिल्या दिवशी तासाला एक, मग महिनाभर दिवसाला एक, त्यापुढं आठवड्याला एक. दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांमुळं जे पुसलं जातं तेच यात राहतं, स्वतःच्याच यंत्रावर केलेली चूक यात सापडत नाही. म्हणून ही सोय लॅपटॉप आणि दुकानातला कॉम्प्युटर दोन्हीकडं ठेवा, आणि वेगळी प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मी रविवारी घेतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खास अडचण येईल. मी 'तिसऱ्या मजल्यावर' असं फोनवर लिहिलं आणि लॅपटॉपवर 'तिसऱ्या' शोधलं तर सापडेना. दिसायला दोन्ही शब्द सारखे. मूळ कारण असं की हा ऱ्या दोन तऱ्हांनी साठवला जातो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडणीचं चिन्ह घेऊन. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, लॅपटॉपचा दुसरी. आकड्यांचंही तसंच, देवनागरी ३ शोधला तर इंग्रजी आकड्यात लिहिलेला तीन सापडत नाही. आता मी 'मजला-३' असंच लिहितो, सगळीकडं देवनागरी आकडा. दोष सिंकचा नाही, पण मला यात आठवडाभर वाटत होतं की नोंदी पोचतच नाहीत.

आठवण करून देणारा गजर या सगळ्यात नाही. तारीख ओळीत लिहिता येते, पण फोन वाजत नाही. वेळेची कामं मी कॅलेंडरमध्येच टाकतो. आयफोन असेल तर सिंकथिंगचं अधिकृत ॲप नाही. मोबियस सिंक हे वेगळं ॲप आहे, पण मागं चालत राहण्यावर आयफोनची बंधनं असतात. त्यापेक्षा जॉप्लिन हे नोंदींचं ॲप बघा. ते आयफोनवरही चालतं, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमधून नोंदी जुळवतं आणि त्या कुलूपबंद करून पाठवण्याची सोय देतं. घरच्या किराणा यादीसाठी मात्र आम्ही गुगल कीपच वापरतो. दोघांनी एकाच वेळी खुणा करायला तेच सोयीचं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मुख्य मिस्त्रीचा फोनही जोडला. त्याच्याकडं फोल्डर 'फक्त घेणारा' असा लावलाय, म्हणजे त्याच्याकडून चुकून काही पुसलं तरी ते आमच्याकडं येत नाही. आधी सकाळी आठला फोन यायचा, "दादा, तिसऱ्या मजल्यावर पंख्याचे पॉइंट किती?" आता यादी आधीच त्याच्या खिशात असते. पण साईटवर त्याला काही वाढवायचं असेल तर ते तो अजून मला फोनवरच सांगतो आणि मी लिहितो. त्यासाठी त्याची वेगळी एक फाइल करून तेवढीच दोन्ही बाजूंनी चालू ठेवावी असा विचार आहे. पुढच्या साईटपासून करून बघणार.