सेस्ना १७२ : १२ वर्षं ग्लायडर उडवून आलेल्या पायलटचा अभिप्राय

सेस्ना १७२ हे चार आसनांचं, एका इंजिनाचं छोटं विमान पहिल्यांदा उडालं १९५५ साली आणि विक्रीला आलं १९५६मध्ये. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली; दुसऱ्या कुठल्याच विमानाची एवढी संख्या नाही. त्यामुळे त्याच्यावर लिहिलेलंही भरपूर सापडतं. पण लिहिणारे बहुतेक सगळे पहिल्या दिवसापासून इंजिनावर शिकलेले. मी १२ वर्षं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवलं आणि मग या विमानाच्या डाव्या सीटवर बसले. दीड वर्षात १७२ एस या मॉडेलवर माझे ८६ तास झाले आहेत. ग्लायडर सोडून इकडे यावं का, या विचारात जे कुणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

विमान मला मनापासून आवडतं. ते उडवायला दुसऱ्या कुणाचीच गरज लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सोय. माझा जीव अडतो तोही तिथेच.

मी कुठून आले ते आधी सांगायला हवं. ग्लायडर आकाशात कितीही देखणं असलं तरी जमिनीवर ते परावलंबी असतं. चाकं पोटाखाली एका रांगेत, म्हणून थांबलं की एका पंखावर कलतं. उडताना कुणीतरी पंखाचं टोक उचलून धरायचं आणि दोर ताणला गेला की चार पावलं सोबत धावायचं. कुणी विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्रावर, बसायचं, कुणी खुणा करायच्या, कुणी वहीत वेळा लिहायच्या, उतरलेलं ग्लायडर कुणी परत ओढून आणायचं. एवढं करून विंचने मिनिटभरात ४०० मीटरवर नेलं आणि थर्मल (वर चढणारी गरम हवा) लागला नाही, तर सहा-सात मिनिटांत आपण पुन्हा गवतावर. सकाळी यायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि लॉगबुकात लिहायची २० मिनिटं. बाकीचा सगळा वेळ दुसऱ्यांचे पंख धरण्यात जातो. माझ्या सगळ्या मैत्र्या त्या बाकीच्या वेळातल्या आहेत.

त्यातली एक फार जवळची. आमची दोघींची पहिली सोलो, म्हणजे एकटीने केलेलं पहिलं उड्डाण, एकाच आठवड्यातली. पुढे आम्ही मिळून एक जुनं एकासनी ग्लायडर घेतलं, निम्मं तिचं, निम्मं माझं. एकीने उडायचं आणि दुसरीने गाडीला ट्रेलर जोडून तयार राहायचं. सिल्व्हर बॅज या ग्लायडिंगमधल्या मानचिन्हासाठी ५० किलोमीटरचं अंतर, ५ तासांचं उड्डाण आणि १००० मीटर उंची कमवावी लागते. अंतराच्या माझ्या पहिल्या प्रयत्नात ३८ किलोमीटरवर आभाळ निपचित पडलं आणि मी कापणी झालेल्या एका शेतात उतरले. ती पोचली तेव्हा अंधार पडला होता. तिने आधी मला पाणी दिलं, मग टॉर्च घेऊन ग्लायडरभोवती एक फेरी मारली, आणि मग विचारलं, "शेवटचा थर्मल कुठे सोडलास?" पंख सुटे करून ट्रेलरमध्ये चढवेपर्यंत आम्ही त्या एका वळणाबद्दलच बोलत होतो.

सोडलं ते वेळेपायी. घरी आजारपण होतं, आठवड्यातून जेमतेम अर्धा दिवस हाती यायचा. आता ग्लायडिंगमध्ये अर्ध्या दिवसासाठी यायचं, आपली पाळी उडून घ्यायची आणि निघून जायचं, याचा अर्थ आपला पंख चौघांनी धरला आणि आपण कुणाचाच धरला नाही. मी दोनदा तसं केलं. कुणी चकार शब्द काढला नाही, उलट "जा तू, घरी वाट बघत असतील" म्हणाले. तिसऱ्यांदा माझ्याच्याने होईना. माझा वाटा दुसऱ्या एकाने घेतला. ट्रेलरची माझ्याकडची किल्ली मी मैत्रिणीला द्यायला गेले तर तिने हात पुढे केला नाही. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाली, "मी शेतात उतरले तर बोलवायचं कुणाला?"

आता विमानाकडे वळते. १७२ एसला लायकमिंगचं चार सिलिंडरचं १८० अश्वशक्तीचं इंजिन आहे. दोन तासांचं बुकिंग करायचं, येऊन भोवती फिरून तपासणी करायची, तेल बघायचं, टाकीतल्या पेट्रोलचे नमुने काढून त्यात पाणी नाही ना ते पाहायचं. या मॉडेलला नमुने काढायच्या जागा १३ आहेत. सुरुवातीला हे मला कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं, पण रोज सकाळी ग्लायडरच्या पिना आणि जोड हाताने चाचपायची ज्याला सवय आहे त्याला यात परकं काही वाटत नाही. मग इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ठेवून मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) तपासायचे आणि निघायचं. तासभर उडून, विमान बांधून, ठरल्या वेळी घरी. माझ्यासारख्या अडचणीत असलेल्या माणसाला याचं मोल काय आहे हे शब्दांत सांगणं कठीण. या विमानाने माझं उडणं टिकवलं.

हातांची अदलाबदल मात्र त्रास देते. ग्लायडरमध्ये उजव्या हातात स्टिक (विमान वळवणारा दांडा) आणि डाव्या हातात एअरब्रेक (उंची कमी करणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांचा लिव्हर). इथे डाव्या हातात योक (सुकाणूचं चाक) आणि उजव्या हातात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा). गंमत अशी की लिव्हरची दिशा तीच राहते: एअरब्रेक मागे ओढला की ग्लायडर जास्त झपाट्याने खाली येतं, थ्रॉटल मागे ओढला की विमान खाली येतं, पुढे ढकललं की दोन्ही तरंगतात. हे ध्यानात आल्यावर माझं लँडिंग तीन उड्डाणांत सुधारलं. ग्लायडरवाल्यांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी.

पायांचं उलट आहे. ग्लायडरच्या लांब पंखांमुळे वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जातं, म्हणून पाय सतत जागे असतात आणि नजर कॅनॉपीच्या काचेवर चिकटवलेल्या, ग्लायडर तिरकं चाललंय का ते दाखवणाऱ्या लोकरीच्या धाग्यावर. १७२ वळणात इतकं माफ करतं की पाय सुस्तावतात. उड्डाण घेताना मात्र पूर्ण ताकदीवर नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय लागतो. तिथे जुनी सवय कामाला येते. स्लिपही, म्हणजे विमान तिरकं धरून वेग न वाढवता उंची झपाट्याने कमी करणं, हाताखालची असते. १९८३मध्ये इंधन संपलेलं बोइंग ७६७ कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवणारे कॅप्टन पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते, आणि उंची जास्त झाली तेव्हा त्यांनी स्लिपच वापरली. १७२ एसवर एवढंच सांभाळायचं की २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप (पंखाच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) उघडे असताना तीव्र स्लिप टाळावी; माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

दृश्याच्या बाबतीत मन घट्ट करून यावं. ग्लायडरमध्ये आपण काचेच्या बुडबुड्यात जवळजवळ आडवे असतो. १७२चा पंख डोक्यावर आहे. खालची जमीन सुरेख दिसते, पण वळायला लागलं की आतला पंख झुकतो आणि नेमकी जिकडे जायचं तीच बाजू झाकतो. थर्मलमध्ये पाच ग्लायडर एकत्र फिरत असताना पहिला ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं असतं आणि प्रत्येकाने प्रत्येकाला नजरेत ठेवायचं असतं. ती सवय घेऊन आलेल्याला हा झाकलेला कोपरा खटकतो. वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघून घ्यायचं, हे अंगवळणी पाडावं.

इंजिन बंद पडलं तर काय, असं मला ग्लायडरमधली मंडळी हमखास विचारतात. ज्या एएसके २१ या दोन आसनी ग्लायडरवर आम्ही सगळे शिकलो त्याचा पंख १७ मीटरचा. १००० मीटरवरून ते स्थिर हवेत ३४ किलोमीटर जातं. १७२ एस तेवढ्या उंचीवरून साधारण ९ किलोमीटर जाईल, तेही ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) वेग राखला तर. उतरायला शेत शोधायचं वर्तुळ एवढंसं होतं. पण शेत शोधणं आपल्याला येतं, आणि पहिल्याच प्रयत्नात उतरायची सवयही आपल्याला असते. मला शिकावं लागलं ते नेमकं उलटं: मन खात्री देत नसेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून पुन्हा वर जाणं. पहिल्या दहा तासांत मला ते सुचतच नव्हतं. सरांनी एकदा धावपट्टीच्या तोंडाशी "गो-अराउंड" म्हटलं आणि माझा हात थ्रॉटलवर नुसता बसून राहिला, इतकी उतरायचंच ही गोष्ट अंगात भिनलेली.

आणि सोबत. एएसके २१मध्ये माणसं एकामागे एक बसतात. पुढच्याची टोपी आणि कान एवढंच मागच्याला दिसतं, पण साध्या आवाजात बोलता येतं, कारण वाऱ्याच्या सळसळीशिवाय आवाजच नसतो. १७२मध्ये खांद्याला खांदा लागतो, चेहरा दिसतो, पण बोलायचं ते हेडसेटमधून. शेजारी बसणं किती ताणता येतं याची हद्द १९५८-५९मध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी गाठली: याच जातीच्या विमानात ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं, न उतरता, धावत्या ट्रकवरून पेट्रोल वर ओढून घेत. मला हा विक्रम विमानापेक्षा त्या दोघांचा वाटतो.

मी मात्र त्या दीड वर्षात बहुतेक वेळा एकटीच उडत होते. शेजारच्या विमानाचा पायलट हात करायचा, मीही करायची, आणि आपापल्या गाडीत बसून आम्ही जायचो. विमान वाईट वागलं असं एकदाही झालं नाही. कुणी पंख धरायला नव्हतं, आणि धरायची गरजही नव्हती. ग्लायडरवरून येणाऱ्याने इंजिन शिकायच्या आधी या शांततेची तयारी करावी. आणि शक्य असेल तर महिन्यातला एक दिवस जुन्या मैदानावर जाऊन नुसते दोर ओढावेत. मी ते फार उशिरा सुरू केलं.

तिथेच मैत्रिणीला विचारलं, येतेस का माझ्या विमानातून? आली. उजव्या सीटवर बसून तिने पट्टे तीनदा ओढून पाहिले. उन्हाचा दिवस होता, पांढरे क्युम्युलस ढग रांगेने लागलेले. एकाच्या खाली आलो आणि विमानाने हलका धक्का दिला. मला तो नुसता धक्का वाटला. ती ओरडली, "अगं, उजवा पंख उचलला, उजवीकडे!" मी आजूबाजूला नीट पाहून घेतलं, थ्रॉटल २००० फेऱ्यांवर आणला, ७५ नॉटवर उजवीकडे वळले. चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्राचा काटा उशिरा हलतो आणि तेच आवाजाने सांगणाऱ्या ग्लायडरच्या व्हेरिओसारखा आवाज या विमानात नाही. म्हणून तिने हेडसेटमध्ये तोंडानेच तो आवाज काढायला सुरुवात केली. मध्यावर आलो की भरभर, बाहेर घसरलो की लांबट. डोळे मिटून, केवळ बुडाखालच्या जाणिवेवर. काटा पाहिला तर तिचं बरोबर येत होतं. मिनिटाला ५०० फुटांनी वर चाललो होतो. चार फेऱ्या मारल्या आणि ढगाच्या बऱ्याच खालीच सोडून दिलं.

उतरून इंजिन बंद केलं. विमान मागे ढकलून जागेवर लावायचं होतं. एरवी मी नाकाच्या चाकाला टो-बार लावून ते एकटीच हळूहळू सरकवते. मी टो-बार काढून वळले, तर ती सवयीने पंखाच्या टोकाकडे गेलेली, हात वर करून उभी. "तिथे नाही, स्ट्रटला धर," मी म्हटलं. ती आत आली, पंखाला आधार देणाऱ्या त्या तिरक्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तयार?"