बोसुमट्वीच्या काठावरचा मुक्काम: गाडीने पश्चिम आफ्रिका फिरणाऱ्यांसाठी

खड्डे, धूळ आणि सीमेवरची कागदपत्रं यांनी थकल्यावर दोन-तीन दिवस नुसतं पडून राहायचं असेल, तर घानातलं बोसुमट्वी सरोवर उत्तम. कुमासीपासून आग्नेयेला साधारण ३० किलोमीटर. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून इथे साडेदहा किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं. त्यात आठेक किलोमीटर रुंद पाणी आणि चहूबाजूंनी झाडीने भरलेल्या कडा. असांते लोकांसाठी ही पवित्र जागा: मृतांचे आत्मे ट्वी देवाचा निरोप घ्यायला इथे येतात, अशी श्रद्धा आहे.

गाडीची कामं आधी कुमासीतच उरका. तिथला सुआमे मॅगझिन म्हणजे गॅरेजांचं आणि जुन्या सुट्या भागांचं अख्खं गावच. पाटा, बुश, सायलेन्सरचं वेल्डिंग, काहीही होतं. फक्त मजुरी आणि भागाची किंमत वेगवेगळी ठरवून घ्या. डिझेल आणि रोख सेडी (घानाचं चलन) हेही इथूनच. सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा.

कुंटानासेवरून सरोवराकाठच्या अबोनो गावाकडे जाताना रस्ता विवराच्या आत उतरतो. भरलेली गाडी इथे ब्रेकवर उतरवली, तर ब्रेक तापतात आणि पॅडल मऊ पडतं. वरूनच खालचा गिअर टाका. अबोनोत प्रवेशशुल्क मागितलं तर पावती घ्या, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी हात पुढे केला की ती दाखवता येते.

अबोनोच्या काठावरच तळ ठोकू नये, हे आमचं स्पष्ट मत. शनिवार-रविवारी कुमासीची गर्दी आणि मोठाले स्पीकर तिथेच असतात. गावाबाहेर काठाने पुढे गेलं की लॉज लागतात. आवारात गाडी लावून तंबू टाकायचा असेल, तर माणशी दर, नळाचं पाणी आणि आंघोळीची सोय आधीच विचारा. सोमवार ते गुरुवार उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं असतं, पण हरमॅटनच्या, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, धुळीने पलीकडची कड दिसेनाशी होते. पावसाळ्यात माती चिकट होते, त्यामुळे गाडीचं तोंड चढाकडे, बाहेर निघायच्या दिशेने करून लावा. रात्री पाऊस झाला तर सकाळी चाकं रुतून फिरत बसतात.

इथे खरी मजा पहाटेची. मच्छीमार पाडुआ नावाच्या लाकडी फळीवर बसून हातांनी पाणी मारत जाळ्यांपर्यंत जातात. पाण्याला लोखंड लावायचं नाही, हा जुना दंडक. फळीत एकही खिळा नाही, ती एकसंध ओंडक्याचीच. अबोनोत मोटरबोटीची फेरी मिळते, पण ती घेऊ नये असंच आम्ही सांगू. अब्रोद्वुम नावाच्या पवित्र शिळेजवळ जायचं असेल, तर गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि फोटोआधी विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या सरोवरातून पाणी बाहेर पडत नाही, फक्त वाफ होऊन उडतं. म्हणजे काठावर धुतलेल्या गाडीचं तेल आणि भांड्यांचा साबण तिथेच साचतो. खोल पाण्यात प्राणवायू नसतो. ते कधी वर मिसळलं की मासे मरतात, म्हणजे तळं आधीच नाजूक आहे. सांडपाणी बादलीत धरा आणि काठापासून लांब, मातीच्या खड्ड्यात ओता.

जेवणात भाजलेला टिलापिया आणि बांकू, म्हणजे मका-कसाव्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा, मस्त लागतो. मासा ताजा भाजून येईपर्यंत तासभर जातो, म्हणून भूक लागायच्या आधीच सांगून ठेवा. शाकाहारींसाठी रेड-रेड: पामतेलातली चवळी आणि तळलेली पिकली केळी. पण त्यात सुका मासा घालायची पद्धत आहे, तो नको असेल तर शिजवायच्या आधी सांगावं लागतं. शिटो या काळ्या तिखटातही सुकी मासळी असते.

मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी हवीच. सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो. त्याआधी तंबूची जाळी लावून घ्या.