नर कुत्र्याची नसबंदी: सहाव्या महिन्यात की वाढ पूर्ण झाल्यावर?

पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं, तंगडी वर करून लघवी करायला लागलं, की नसबंदीचा प्रश्न येतो. वयापेक्षा आधी पाहायचं ते मोठेपणी त्याचं वजन किती होणार हे.

२० किलोच्या आत राहणाऱ्या जातींत सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली तरी सांध्यांचं फारसं बिघडत नाही. मोठ्या जातींत मात्र थांबावं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते आणि हाड तिथूनच वाढतं. वयात येतानाच्या संप्रेरकांमुळे ही पट्टी मिटते. वृषणं आधीच काढली तर ती उशिरा मिटते, पाय गरजेपेक्षा लांबतात आणि गुडघ्यावरचा ताण बदलतो. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण त्यामुळेच वाढलेलं दिसतं. त्यांच्यासाठी १२ ते १५ महिने, महाकाय जातींसाठी १८ ते २४ महिने थांबणं आम्हाला योग्य वाटतं.

थांबलात तर डोकं रुंदावेल, मान जाड होईल. उंची वर्षभरात पुरी झाली तरी छाती दुसऱ्या वर्षापर्यंत भरत राहते, म्हणून किडकिडीत दिसतो म्हणून जास्त खायला घालू नका. उत्तेजित झाल्यावर लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. ती गाठ नव्हे, थोड्या वेळात उतरते. लिंग तासभर बाहेरच राहिलं, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा. टोकाशी थोडा पिवळसर स्राव चालतो, रक्त चालत नाही. जागोजागी लघवी करणं आणि माजावरच्या मादीमागे पळणं या काळात वाढतं, तेव्हा पट्टा आणि कुंपण पक्कं हवं. पुढे वृषणं ठेवलीच, तर उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी बहुधा वाढते.

लवकर केलीत तर हा त्रास कमी, पण ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते. खाणं तेवढंच राहिलं की वजन चढतं, आणि तेच सांध्यांवर येतं. शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे माजावरच्या मादीपासून दूर ठेवा, कारण नलिकेत शुक्राणू उरलेले असतात. घाबरून भुंकणारा कुत्रा नसबंदीने धीट होत नाही, उलट भित्रेपणा वाढूही शकतो.

एका बाबतीत मात्र निवड उरत नाही: सहा महिन्यांपर्यंत एखादं वृषण खाली उतरलं नसेल, तर ते काढावंच लागतं. पोटात राहिलेल्या वृषणात कर्करोगाचा धोका कितीतरी पट जास्त असतो.